झेंडा घेऊन पुढे

मंगळवार, १४ मे

खुब्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने ही वही दिली होती. "रोज कुठे आणि किती दुखतं ते लिहून ठेवा," म्हणाली. हिवाळ्यात नवा खुबा बसवला तेव्हापासून वही कोरीच आहे. दुखलं तरी ते लिहून त्याचं काय लोणचं घालायचंय? आज लिहायला बसले ती रागाने.

लेक आली होती. ग्रीट. कित्येक वर्षं गेंटला विम्याच्या कचेरीत खुर्ची उबवली, आणि गेल्या वर्षी नोकरीही सोडून आणि नवराही सोडून दोन बॅगा घेऊन इथे झेबेकेला परत आली. आल्यापासून माझ्या दुकानावर डोळा आहे. वाईट अर्थाने नव्हे, तिला ते काम मनापासून आवडतं. चाकांना तेल घालतच मोठी झाली ती. पण दुकान माझं आहे. नवरा गेल्यापासून समुद्राकाठच्या बांधावर पॅडलगाड्या भाड्याने देते ती मी. एका पिढीने माझ्या गाड्या एकमेकांवर आपटल्या, आता त्यांची पोरं आपटतात.

"आई, आता तू बस जरा," ग्रीट म्हणाली. "चाव्या माझ्याकडे दे."

बस म्हणे. बांधावरच्या बाकांवर जे जे बसले ते सगळे मला माहीत आहेत. एका उन्हाळ्यात बसतात, पुढच्या उन्हाळ्यात बाक रिकामा.

"मी चांगली चालती-फिरती आहे," मी म्हटलं.

"परवा पळालेली गाडी कोणी आणली?"

"ती मी मुद्दाम जाऊ दिली. समोरून वारा होता, आपोआप परत आली असती."

ती हसली. ते मला लागलं. शटरवर 'चार दिवसांची चाल'चं पोस्टर होतं, दरवर्षी असतं. दरवर्षी हजारो माणसं पैसे भरून माझ्या दुकानावरून चालत जातात, आणि फुकट जे करता येतं त्याला पैसे का मोजायचे हे मला आजवर कळलेलं नाही. तरी मी पोस्टरवर बोट ठेवलं.

"ही चाल मी पुरी करून दाखवते. चारही दिवस. मग तू चाव्यांचं नाव काढायचं नाहीस, मी स्वतः काढेपर्यंत."

"आणि मध्येच थांबलीस तर?"

"तर त्याच संध्याकाळी चाव्या तुझ्या."

ती बरं म्हणाली, पण स्वतःही बरोबर चालणार म्हणाली, साक्षीला. विम्यावाले ते विम्यावालेच.

दुखणं: नाही.

सोमवार, २० मे

पेंटेकॉस्टच्या सणाची सुट्टी, बांधावर मुंग्यांसारखी माणसं. त्या गडबडीत फिर्मिन आला. हा आमचा जुना पोस्टमन. माझ्या लग्नाच्या शुभेच्छा यानेच आणल्या आणि नवरा गेल्यावरची सांत्वनाची पत्रंही यानेच. आता चालणाऱ्यांचा क्लब चालवतो. क्लबचं नाव 'क्रोकल्स'. ज्या काळ्या गोगलगायी आपण टाचणीने उकरून खातो त्यांचं नाव कोणी क्लबला देतं का?

"ऐकलं की तू चालणार आहेस," तो म्हणाला. "एकटी कशाला? आमच्यात ये."

मग माझ्याबरोबर चर्चपर्यंत जाऊन परत आला. वाटेत पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होता, पण त्याचं लक्ष माझ्या पायांकडे होतं. माझे नवे बूट आवडले असणार. शेवटी म्हणाला, "आपण छोटा मार्ग घेऊ. मोठ्या मार्गावर सैनिकांच्या तुकड्या असतात, फार धूळ." मला धूळ तशीही आवडत नाही.

एक नियम मात्र त्याने नीट सांगितला. रोजची चाल पुरी केल्याचा शिक्का गटाचा असतो. शेवटचा माणूस टेबलाशी पोचला की मगच सगळ्यांच्या कार्डांवर उठतो.

"म्हणजे एकाने घोळ घातला की सगळे अडकले?"

"सगळे."

"माझी काळजी करू नकोस," मी म्हटलं. "बाकीच्यांवर लक्ष ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला.

दुखणं: नाही. जिन्यात मध्येच थांबले ती खिडकीतून भरती बघायला.

गुरुवार, ३० मे

पहिला दिवस, आणि वहीत लिहिण्याजोगा.

सकाळी कॅसिनोसमोर बँड. आतल्या गावांकडचे क्लब, हॉलंडचे, जर्मन, पाठीवर ओझी घेतलेले सैनिक. क्रोकल्स आम्ही डझनभर, सगळ्यांना निळ्या टोप्या. निघायच्या आधी फिर्मिनने क्लबचा झेंडा माझ्या हातात दिला.

"लीव्ह, तू पुढे."

मला आश्चर्य वाटलं, पण फार नाही. "नव्या माणसाला पहिल्याच दिवशी झेंडा?"

"बांधाची फरशी न् फरशी तुला ठाऊक आहे. तू नेशील तसे येतो."

अकरा लोकांना मागे घेऊन चालणं म्हणजे काही गंमत नाही. पण मला जमलं. दिवसभरात आमच्यातला एकही जण माझ्या पुढे जाऊ शकला नाही. मागे वळून पाहिलं की सगळे शिस्तीत, गप्पा मारत. इतर गट आमच्या पुढे गेले, एकूण एक, ते सोडा. घाईने चालणाऱ्यांना समुद्र दिसत नाही.

आणि टाळ्या. लोक खास माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने तर हॅट काढली. समोरच्या वाफलवाल्या रोझेटने माझ्याशी तीन उन्हाळे अबोला धरलाय, का तर माझ्या गाड्या तिच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत घुसतात. ती टपरीतून बाहेर येऊन ओरडली, "लीव्ह, शाब्बास गं, सावकाश जा." झेंड्याचा मान काही और असतो, वैरीसुद्धा विरघळतात.

फिर्मिनची मात्र कीव आली. जन्मभर टपाल वाटलेल्या माणसाला बुटाची नाडी बांधता येत नाही. सारखा थांबत होता. दर वेळी मी धीराने उभी राहिले. दोनदा तर बाकावर टेकलेसुद्धा, त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको.

ग्रीट शेवटच्या रांगेत. विचारलं, "दमलीस?" म्हणाली, "थोडी." वाटलंच होतं. रोज सकाळी रंगीत कपडे घालून वाळूत धावते, पण धावणं वेगळं आणि चालणं वेगळं.

दुखणं: किरकोळ.

शुक्रवार, ३१ मे

आज आतल्या शेतांच्या रस्त्याने. समोरून वारा, आडवा पाऊस, आणि आडोसा म्हणाल तर गायी.

फिर्मिनने माझी पाठपिशवी काढून ग्रीटकडे दिली. झेंडेकऱ्याने पिशवी घ्यायची नसते, असा म्हणे नियम आहे. मग त्याने सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं, इतकं संथ गाणं की प्रेतयात्रेलाही पुरलं असतं. मी म्हटलं, "जरा चढ्या चालीचं घ्या की." तो म्हणाला, "लीव्ह, मागच्यांना दम लागतोय, तू जरा सांभाळून घे." घेतलं सांभाळून.

वाटाण्याचं सूप संपत आलं होतं आम्ही पोचलो तेव्हा. शेवटच्या टेबलावरचा शिक्केवाला कोट चढवून बसला होता, खुर्च्या आवरलेल्या.

"आज लवकर आवरलंत?" मी विचारलं.

"छे हो, तुमचीच वाट बघत होतो."

इतकी आपुलकी इतर क्लबांच्या वाट्याला येते की नाही कोण जाणे.

आता खरं लिहिते, वही माझीच आहे. घरी आल्यावर पाय टबाच्या काठावरून उचलता येईना. हाताने उचलून आत ठेवला. खुबा दुखतोय, आणि नुसता दुखत नाही, ठणकतोय. पाण्यात बसून मी विचार केला, की थांबले तर काय? चाव्या ग्रीटच्या. मग मी सकाळी उठून कुठे जायचं? शटरचा आवाज ऐकला नाही तर मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. मला त्या बाकांची भीती वाटते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही कधी नाही.

उद्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्या मी लहानपणापासून चढते. होईल.

शनिवार, १ जून

पेन दोनदा आपटून ठेवलं. दुखण्याने नव्हे.

टेकड्यांमधल्या विसाव्याला मी कोळंबीचा पाव घेऊन बाकावर बसले. शेजारी ब्रुगकडच्या एका क्लबचा झेंडेकरी येऊन बसला. लठ्ठ माणूस, चांगला बोलका. आमचे दोन झेंडे शेजारी शेजारी वाळूत रोवलेले.

मी म्हटलं, "आपण दोघे पुढारी."

तो पोट धरून हसला. "पुढारी कसले बाई, गुडघा गेलाय माझा. तुमचं काय, गुडघाच का खुबा?"

"माझं काय म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कशासाठी पुढे ठेवलंय?" मग माझं तोंड बघून त्याला कळलं. बिचारा पाव चावायचा थांबला. "सगळ्यात हळू असेल त्याच्या हातात झेंडा देतात ना. सगळीकडेच. नाहीतर गट तुटतो. तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

उरलेला पाव मी कागदात गुंडाळून ठेवला. रोझेट आठवली, सावकाश जा म्हणणारी. हॅट काढणारा म्हातारा आठवला. फिर्मिनच्या नाड्या. ते गाणं. आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं, मला सोडून. इतकी वर्षं हे लोक दुकानासमोरून जाताना मी बघितले, आणि पुढे कोण चालतं ते एकदाही बघितलं नाही. भाड्याच्या गाड्यांवरून डोळे हटले असते तर ना.

मी जाऊन झेंडा फिर्मिनच्या छातीवर टेकवला.

"मी कधीपासून सगळ्यात हळू?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "चर्चपर्यंत गेलो त्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर आली असतीस?"

"मला देवळातल्या मूर्तीसारखी मिरवलीस तीन दिवस."

"लीव्ह, मागे राहिलेल्या माणसासाठी गट थांबला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोच पुढे असला की कोणी थांबत नाही. सगळे चालतच असतात. मीही एक वर्ष झेंडा धरलाय, बायको गेली तेव्हा. पायच उचलत नव्हते."

मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं मी मागेच चालणार, सगळ्यांसारखी. आणि चालले. वाळूत पहिल्याच चढाला त्यांच्या पाठी लांब गेल्या. दुसऱ्या चढाला नुसत्या निळ्या टोप्या. मग टोप्या थांबल्या, आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. नुसते उभे राहून माझी वाट बघत होते. फिर्मिन म्हणाला होता ते खरं निघालं, आणि त्याचा मला आणखी राग आला.

शिक्का मिळाला. घरी आल्यावर ग्रीटला सांगितलं, "उद्या मी येत नाही."

उद्याचा रस्ता आख्ख्या बांधावरून आहे, माझ्या दुकानापुढून, रोझेटच्या टपरीपुढून. पुढे चालले तर लंगडी म्हणून मिरवणार आणि मागे चालले तर लोक थांबणार. दोन्ही माझ्याने होणार नाही.

"अगं पण मग..." ग्रीट म्हणाली.

"माहीत आहे मला." मी चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. ठेवताना आवाज झाला तो अजून कानात आहे.

तिने त्यांना हात लावला नाही. "चाल अजून संपलेली नाही, आई," म्हणाली आणि गेली.

रविवार, २ जून

सकाळी बेल वाजली तेव्हा मी घरातल्या सपाता घालून बसले होते. दारात ग्रीट, लंगडत. मागे फिर्मिन, झेंडा घेऊन.

"डाव्या टाचेला हा एवढा फोड आलाय," ग्रीट म्हणाली. "पाऊल टेकवत नाही."

"दाखव."

"पट्टी लावलीय. काढली तर सालडं येईल."

फिर्मिन गंभीर तोंड करून म्हणाला, "आज झेंडा हिच्याकडे द्यावा लागणार. पण ही पोरगी कचेरीतली, हिला चाल धरता येणार नाही. मागून कोणीतरी हाक मारायला हवं."

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं, पण बूट शोधायला लागले होते. ही असली लेक, फोडाचंही नीट बघता येत नाही, हिला आख्ख्या बांधावर एकटी कशी सोडू? आणि झेंडा तिच्याकडे असल्यावर माझ्याकडे कोण बघतंय.

तर मी दुसऱ्या रांगेत, बरोब्बर तिच्या मागे. खरं सांगायचं तर छान चालली. मी तीनदा ओरडले, "ग्रीट, हळू, तुझ्या टाचेला झेपेल एवढंच." प्रत्येक वेळी तिने ऐकलं. लहानपणी इतकं ऐकलं असतं तर. नवल म्हणजे तिची चाल माझ्या पायांना अगदी जुळली. काल टेकड्यांवर जो खुबा जाळत होता तो आज साथ देत होता. दुपारी बघते तर ही उजव्या पायाने लंगडतेय. म्हणजे त्याही टाचेला फोड आला असणार, एका पायावर भार टाकला की दुसरा बिघडतोच. मी काही विचारलं नाही, उगाच आठवण कशाला करून द्या.

रोझेट टपरीबाहेर होती. "ग्रीटला काय झालं गं?"

"फोड. कचेरीतले पाय."

"अरेरे," रोझेट म्हणाली. मग मला एक गरम वाफल दिला, पैसे न घेता. मी चालता चालता अर्धा ग्रीटला भरवला.

शेवटचा शिक्का कॅसिनोसमोर. आम्ही सगळ्यात शेवटचे, पण बँड अजून वाजत होता. टेबलाशी गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो, तसा ठेवला. फिर्मिनचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "अजून माफ केलेलं नाही." तो म्हणाला, "घाई नाही."

ग्रीटने खिशातून चाव्या काढून माझ्या हातात दिल्या. सकाळीच टेबलावरून घेतल्या होत्या म्हणे, मला देण्यासाठी.

"जिंकलीस, आई."

मी रडले. वारा अजिबात नव्हता, त्यामुळे त्याच्यावर ढकलता येणार नाही. चार दिवस मी पुरे केले. दुकान माझं आहे.

सोमवार, ३ जून

आज सोमवार म्हणून बांध मोकळा, एक-दोन जर्मन कुटुंबं तेवढी. शटर मी उघडलं. ग्रीटला घरी पाय वर करून पडायला सांगितलं होतं, तरी ही दहाच्या सुमाराला आली, लंगडत. म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बस आणि चाकांना तेल घाल, उभं राहायचं नाही.

एका चिमुरडीला तिची आई लाल गाडीत बसवून वाफल आणायला गेली. ब्रेक लावायचं काम माझं. मी नेहमी लावते. आज वाटलं की लावलाय. गाडी हलली, आणि उतारावरून वाळूकडे नव्हे, ट्रामच्या रुळांकडे निघाली. पोरगी खिदळत होती. मी दोन पावलं धावले. तिसरं पाऊल पडलं नाही, खुब्याने साफ नाही म्हटलं.

ग्रीट सपाता फेकून माझ्या अंगावरून गेली. अनवाणी. अशी धावली की मला तिची ती कालची लंगडी पाठ ओळखूच येईना. रुळांच्या बरीच अलीकडे तिने गाडी धरली, वळवली, आणि पोरीला हसवत ढकलत परत आणली. पोरीला कळलंही नाही काही. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते वर्षभर पुरेल.

ग्रीट सपाता उचलायला वाकली तेव्हा मला तिच्या टाचा दिसल्या. डावी दिसली, उजवीही दिसली. लोण्यासारख्या स्वच्छ. पट्टी नाही, फोड नाही, फोडाचा डागसुद्धा नाही.

तिने मान वर केली, मी बघतेय हे पाहिलं, आणि ताबडतोब लंगडायला लागली. डाव्या पायाने.

मी दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसले. मला राग यायला हवा होता. शोधला, पण सापडला नाही. माझी लेक काल दिवसभर आख्ख्या गावासमोर लंगडत चालली, आणि तेही हरण्यासाठी. तिला हे दुकान हवंय, किती हवंय हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. एक दिवस गप्प बसली असती तर चाव्या टेबलावर पडल्याच होत्या. असं पोर माझ्या पोटी कसं आलं कोण जाणे, बापाच्या वळणावर गेली असणार.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"दुखतोय अजून."

"उद्या लवकर ये. शटर तू उघड."

ती येऊन माझ्या शेजारी टेकली. "मी? अगं, जिंकलीस तू."

"म्हणून तर चाव्यांचं नाव मी काढतेय. तसंच ठरलं होतं ना?" मी चाव्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "मी येईन माझी कॉफी पिऊन, आरामात. गिऱ्हाइकांशी मी बोलेन, तुला ते जमत नाही. गाड्या तू बघ."

"आई, पाय दुखतोय म्हटलं ना मी."

"दुखू दे. तुला जमेल तसं कर, हळूहळू. मी मागे आहेच."

तिचे डोळे भरले. माझेही भरले असतील, मी समुद्राकडे बघत होते. तिने चाव्या खिशात घातल्या. मग उठून तिने सगळ्या गाड्यांचे ब्रेक एकेक करून तपासले. शेवटच्या निळ्या गाडीचाही लावायचा राहिला होता माझ्याकडून. तो तिने माझ्याकडे न बघता लावला.